दिव्याखाली मिरचीची रोपं करताय? या चुका टाळा

घरात दिव्याखाली वाढवलेलं मिरचीचं रोप बाहेर लावण्याजोगं व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढा काळ त्याला दुसरा सूर्य नसतो. तरी दिवा निवडताना आणि टांगताना आपण भरवसा ठेवतो तो स्वतःच्या डोळ्यावर, आणि बहुतेक चुकांचं मूळ तिथेच असतं.

माझी पहिली खेप अशीच गेली. टेबलावर ट्रे, वर हातभर अंतरावर पांढरा दिवा, खोली लख्ख उजळलेली. आठवड्याभरात रोपं बोटभर उंच झाली आणि मला आनंद झाला. जवळ जाऊन पाहिलं तर देठ दोऱ्याएवढा, रंग पांढुरका, वर दोनच दलं (बीतून निघालेली पहिली पानं). पाणी शिंपडलं की रोप आडवं व्हायचं. तहानलंय असं समजून मी आणखी पाणी देत गेले, आणि चार दिवसांत सगळी बुंध्याशी काळी पडून कोलमडली. कमी होता तो उजेड, पाणी नव्हे.

डोळ्याने उजेड मोजू नका

आपला डोळा जुळवून घेणारा आहे. चांगल्या उजळलेल्या खोलीत 300 ते 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो आणि भर दुपारच्या उन्हात लाखाच्या घरात. फरक दोनशे पटींहून जास्त, पण तो आपल्याला तेवढा जाणवतच नाही. रोपाकडे अशी सोय नाही, त्याला जेवढा प्रकाश पोचतो तेवढंच अन्न तयार होतं.

मिरचीच्या कोवळ्या रोपाला पांढऱ्या एलईडीखाली पानाच्या पातळीवर 10,000 ते 15,000 लक्स मिळाले तर ते ठेंगणं आणि भक्कम वाढतं. मोजायला मोबाइलमधलं लक्समीटरचं ॲप चालतं. फोन दिव्याकडे तोंड करून, पानं असतात त्या उंचीवर आडवा ठेवा. आकडा अचूक नसतो, पण 2,000 आणि 12,000 यांतला फरक नक्की कळतो. आणि एकच जागा मोजून थांबू नका, ट्रेचे चारही कोपरे मोजा. मधोमध 12,000 आणि कोपऱ्यात 4,000 हे सर्रास दिसतं. अशा ट्रेमध्ये कडेची रोपं मधल्या बाजूला कललेली असतात. दर दोन दिवसांनी ट्रे फिरवला आणि कडेची रोपं आत घेतली की काम भागतं.

जांभळ्या दिव्यांना मात्र हे ॲप लावू नका. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे, त्यामुळे लाल-निळ्या प्रकाशाचा आकडा फारच कमी दाखवला जातो. माझं मत विचाराल तर घरी जांभळा दिवा घेऊच नये. पांढऱ्या प्रकाशात निळा, लाल सगळे रंग असतात, रोपं उत्तम होतात, आणि मुख्य म्हणजे पान पिवळं पडलंय की हिरवं आहे हे दिसतं. जांभळ्या उजेडात सगळी पानं काळपट दिसतात आणि दुखणं लक्षात येईपर्यंत उशीर होतो.

वॅटचंही तेच. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘1000 वॅट’ असेल आणि दिवा प्रत्यक्षात शंभरच वॅट वीज घेत असेल, असं होतं. ‘अमुक वॅटच्या तोडीचा’ हा आकडा सोडून द्या, प्रत्यक्ष वीज किती लागते ते वाचा.

अंतर आणि तास

ट्यूबलाइट असेल तर ती पानांच्या वर 5 ते 10 सेंटिमीटरवर हवी. जोरकस एलईडी पॅनेल 30 ते 60 सेंटिमीटरवर चालतं, पण पॅनेलपॅनेलमध्ये इतका फरक असतो की उत्पादकाने दिलेलं अंतर धरून सुरुवात करावी आणि मग मोजून ठरवावं. रोप वाढतं तसा दिवा वर घ्यायचा असतो, हे बरेचजण विसरतात. साखळीवर टांगलेला दिवा म्हणूनच सोयीचा.

पानाच्या जागी हात धरून ‘गरम लागत नाही, म्हणजे ठीक’ असं ठरवतात. या चाचणीतून उष्णता कळते, प्रकाश नाही. एलईडीखाली हात थंड राहतो आणि तरी पान करपू शकतं. दिवा फार जवळ असला की सर्वांत वरची, दिव्यालगतची पानं आधी फिकट होतात, कडा वर वळतात, खालची पानं मात्र हिरवीगार असतात. नत्र कमी पडलं तर उलट होतं, खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. खताच्या बाटलीला हात लावण्याआधी पिवळेपणा वर आहे की खाली, एवढं बघा.

तास किती? 14 ते 16. त्याहून जास्त देऊन रोप लवकर मोठं करायचा मोह टाळा. चोवीस तास दिवा ठेवल्याने पानं पिवळी पडतात, वेडीवाकडी होतात. रोपाला रात्र हवी. दिवा थोडा मंद असला तर तास वाढवून काही अंशी भरपाई होते, कारण रोपासाठी दिवसभराची एकूण बेरीज महत्त्वाची असते. पण 1,500 लक्सचा दिवा सोळा तास जाळला तरी पोट भरत नाही. आणि टायमर लावाच. हाताने चालू-बंद करण्यात दिवस चुकतात.

उगवण्याआधी आणि उगवल्यावर

मिरचीच्या बियाला रुजायला उजेड नको, ऊब हवी. 25 ते 30 अंश तापमानात साधारण एक ते दोन आठवड्यांत कोंब दिसतो, अति तिखट जातींना तीन-चार आठवडेही लागतात. ट्रे गार खोलीत ठेवून वर दिवा लावला आणि बी उगवत नाही म्हणून उकरून पाहिलं, तर ते बी हातचं जातं.

वाकलेल्या मानेचा पहिला कोंब मातीवर दिसला की त्याच दिवशी ट्रे दिव्याखाली न्या. उद्या नको. ऊबदार अंधारात एका रात्रीत तो सेंटिमीटरभर ताणतो. ऊब देण्यासाठी ट्रेखाली गरम चटई ठेवली असेल, तर बहुतेक बिया उगवल्या की ती काढून घ्या. नंतर दिवसा 21 ते 26 अंश आणि रात्री दोन-तीन अंश कमी पुरतं. ऊब जास्त आणि उजेड कमी, या जोडीनेच रोप दोरा होतं.

ताणलेलं रोप वाचवायचं तर दिवा जवळ आणा आणि पुनर्लागण करताना दलांच्या जरा खालपर्यंत मातीत बसवा. टोमॅटोसारखं खोल गाडू नका. मिरचीच्या देठाला तशी सहज मुळं फुटत नाहीत, ओल्या मातीत तो सडतो.

पाणी आणि पानामागचे फोड

दिव्याखालची माती वरून लवकर सुकते आणि आत ओली राहते. वरचा कोरडा थर पाहून रोज पाणी दिलं की कोलमड (बुंध्याशी सडून रोप आडवं होणं) येते, बारीक चिलटं घोंघावू लागतात. ट्रे उचलून वजनाचा अंदाज घ्या. पाण्याने भरलेला आणि वाफशावर आलेला (जेमतेम ओलसर) ट्रे, दोन्ही एकदा हातात तोलून पाहिले की पुन्हा विचारावं लागत नाही. पाणी खालच्या ताटलीतून द्या, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका. छोटा पंखा मंद वेगाने फिरत असू द्या, पानं नुसती हलली पाहिजेत. देठही त्याने जाड होतो.

कधी पानांच्या मागे साखरेच्या कणांसारखे बारीक फोड दिसतात. अनेकजण कीड समजून लगेच फवारणी करतात. भिंग लावून पाहा: कण हलत नाहीत, पुसले जात नाहीत, पानाचाच भाग आहेत. हा रोग नाही. दमट हवा, जास्त पाणी आणि अतिनील किरण नसलेला प्रकाश यांत असं होतं. पाणी कमी करा, हवा खेळती ठेवा, रोप बाहेर गेल्यावर नवी पानं स्वच्छ येतात.

बाहेर नेताना

दीड-दोन महिने 15,000 लक्समध्ये राहिलेलं रोप एकदम दुपारच्या उन्हात ठेवणं, ही सर्वांत जिव्हारी लागणारी चूक, कारण तोवरची सगळी मेहनत झालेली असते. पहिल्या दिवशी सकाळचं ऊन तासभर, मग रोज थोडं वाढवत सात ते दहा दिवसांत पूर्ण ऊन. वारा जोरात असेल तर तो दिवस सोडा.

घाई झालीच तर दुसऱ्या दिवशी पानांवर कागदासारखे पांढरे डाग दिसतील. ते पुन्हा हिरवे होत नाहीत, पण पानं तोडू नका. रोप सावलीत घ्या आणि शेंड्याकडे पाहा. तिथली मिटलेली दोन छोटी पानं हिरवी असतील, तर आठवड्याभरात रोप सावरतं.