पॉवर सप्लाय जोडायला बसण्यापूर्वी

टेबलावर कायम राहील असा सव्वा ते पावणेचौदा व्होल्टचा पॉवर सप्लाय पुन्हा बांधायला घेतलाय, एलएम ३१७ वरच (हवं तेवढं व्होल्टेज स्थिर देणारा तीन पायांचा आयसी), आणि पुन्हा पत्र्याच्याच डब्यात. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी तयारी लिहून ठेवतो. सोल्डरिंग आयर्न, कटर, मल्टिमीटर तुमच्याकडे असणारच, त्यावर वेळ घालवत नाही.

मायका वॉशर, म्हणजे आयसी आणि त्याची उष्णता बाहेर टाकणारा हीट सिंक यांच्यामध्ये ठेवायची, वीज अडवणारी पातळ चकती. सगळ्यात आधी हा घ्या. सोबत स्क्रूवर बसणारं प्लॅस्टिकचं बुशिंग. दोन-चार जास्तच घ्या, मायका हातात चिरतो आणि किंमत नगण्य असते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ट्रान्सफॉर्मर, हीट सिंक अशा मोठ्या वस्तूंच्या नादात हाच राहतो. गेल्या वेळी माझा हाच राहिला.

एलएम ३१७ च्या पाठीचा पत्रा आतून आउटपुटच्या पायाला जोडलेला असतो. ७८०५ या ठरावीक ५ व्होल्टच्या आयसीचा पत्रा ग्राउंडला असतो, त्यामुळे सवयीने इथेही तसंच धरलं जातं. तसं नाही. तो उघडा पत्रा हीट सिंकला आवळला आणि हीट सिंक डब्याला, की अख्खा डबा आउटपुटच्या प्लसवर जातो. वाईट म्हणजे लगेच काही कळत नाही. मीटरवर व्होल्टेज बरोबर येतं, एलईडी पेटतात, मोटर फिरते. मग एक दिवस आर्डुइनो बोर्डाला या सप्लायवरून वीज देता आणि त्याची यूएसबी केबल डेस्कटॉपला लावता. सप्लायचा मायनस यूएसबीतून डेस्कटॉपच्या ग्राउंडला, तो ग्राउंड अर्थला, आणि प्लसवरचा डबाही अर्थला. प्लस आणि मायनस घराच्या अर्थिंगच्या वायरीतून एकमेकांना जाऊन मिळतात. माझा सप्लाय शून्यावर बसला आणि बोर्डावर यूएसबी सॉकेटजवळचा ग्राउंडचा तांब्याचा पट्टा जळाला. मायका असता तर यातलं काहीही झालं नसतं.

नुसता मायका घालून स्क्रू उघडा ठेवलात तर घातला न घातला सारखंच, कारण स्क्रू पत्र्याला आणि हीट सिंकला दोघांनाही टेकतो. म्हणून बुशिंग. हीट सिंकला भोक पाडलं की कडेला बारीक कंगोरा उभा राहतो, तो मायकाच्या आरपार जातो. भोकापेक्षा जाड ड्रिल बिट हातानेच फिरवून कड साफ करा, बोट फिरवून बघा, मगच मायका ठेवा. दोन्ही बाजूंना हीट सिंक कंपाउंडचा पातळ हात द्या. लोण्यासारखं थापू नका, जाड थराने उष्णता उलट अडते.

आता बीप, म्हणजे मीटर जोड तपासायच्या सेटिंगवर, जोड असेल तर आवाज येतो. एक प्रोब आयसीच्या पत्र्यावर, दुसरा हीट सिंकवर. हीट सिंक काळा असेल तर तो काळा थर स्वतःच वीज अडवतो, मीटर गप्प बसतो आणि तुम्ही खूश होता. कडेला जरा खरवडून चकचकीत अ‍ॅल्युमिनियम दिसू द्या आणि प्रोब तिथे टेकवा. तिथेही आवाज आला नाही तरच पुढे जायचं. या काळ्या थरावर विसंबून मायका टाळणारेही असतात. एक ओरखडा पुरतो.

ट्रान्सफॉर्मर ०-१५ व्होल्ट, २ अँपिअर. त्यातून डीसी १ अँपिअरच धरा. कपॅसिटर भरताना करंट ठोक्याठोक्याने ओढला जातो, म्हणून दोनाचे दोन मिळत नाहीत. एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजला १एन५४०८ डायोड चार. १एन४००७ एक अँपिअरचा आहे, इथे नको. फिल्टर कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरड, आणि व्होल्टेज ३५ किंवा ५०. १५ व्होल्टचं शिखर २१ पर्यंत जातं, लोड नसताना ट्रान्सफॉर्मर त्याहून जास्त देतो, आणि रात्री लाइन २५० ला गेली की २५ व्होल्टवाल्याला काही वाव उरत नाही. दुकानदार ‘२५ चालेल’ म्हणाला तरी घेऊ नका.

रेझिस्टर २२० ओहम, पॉट (फिरवून व्होल्टेज बदलायचा रेझिस्टर) २.२के, म्हणजे २२०० ओहम. आउटपुट १.२५ गुणिले (१ + पॉट/२२०), म्हणजे पूर्ण फिरवल्यावर पावणेचौदा व्होल्ट. इनपुटला ०.१ आणि आउटपुटला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आयसीच्या पायांना चिकटून. उलट करंटसाठी आउटपुटकडून इनपुटकडे एक डायोड, त्याच्यावरची रंगीत पट्टी इनपुटकडे. इथे १एन४००७ चालतो. पाय समोरून डावीकडून अ‍ॅडजस्ट, आउटपुट, इनपुट. ७८०५ सारखे नाहीत, हेही बघून घ्या.

उष्णतेचा हिशोब आधी करा. आत १९ व्होल्ट, बाहेर ५, करंट १ अँपिअर: चौदा वॉट आयसीत जिरणार. छोट्या हीट सिंकवर तो तापून स्वतःच बंद पडतो. ५ व्होल्टला अर्ध्या अँपिअरवर थांबा.

मेन्सची बाजू: तीन पिनांचीच कॉर्ड, फेजमध्ये अर्ध्या अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, सगळ्या जोडांवर स्लीव्ह. हिरवी वायर डब्याला स्क्रूने, त्या जागेचा रंग खरवडून. अर्थिंग आहे म्हणूनच तर मायका हवा; मायका टाळायला अर्थिंग काढणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, २३० व्होल्ट आहेत.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड, म्हणजे मेन्स आणि सप्लायच्या मध्ये सिरीजमध्ये ६० वॉटचा बल्ब. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे, बंद करा. डबा उघडा असताना एक हात खिशात.

मग टर्मिनल, रबरी पाय, व्होल्टमीटर, नेहमीचंच. डबा बंद केल्यावर प्लस टर्मिनल आणि डबा यांच्यात पुन्हा बीप, प्लग काढून. झाकण आवळताना हीट सिंक हलतो आणि मायका सरकतो.

पॉटच्या तारा ओढून बघा. एखादी सुटली तर आउटपुट थेट वर जातं, आणि समोर ३.३ व्होल्टचा ईएसपी३२ बोर्ड असेल तर तो गेला. आधी व्होल्टेज लावा, मीटरवर बघा, मग बोर्ड जोडा.