नेदरलँड्समध्ये पवनचक्की चालवायला शिकायचं असेल तर

नोकरी-शिक्षणासाठी नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्यांना माझा आग्रह असतो, की पवनचक्की बाहेरून बघून परत फिरू नका, ती चालवायला शिका. शनिवार मोकळा असेल, उंचीची भीती नसेल आणि कामापुरतं डच येत असेल, तर हे शिक्षण कुणालाही घेता येतं. पगार मात्र नाही. हे स्वयंसेवकांचं काम आहे.

त्यामागचं कारण इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या देशात सुमारे दहा हजार पवनचक्क्या होत्या. धान्य दळणं, लाकूड कापणं, तेल गाळणं, सखल जमिनीतलं पाणी उपसणं, सगळं वाऱ्यावर. मग वाफेचे पंप आले, पाठोपाठ डिझेल आणि वीज आली आणि चक्क्या भराभर पडल्या. त्या वाचवण्यासाठी १९२३ मध्ये ‘द होलांडसे मोलन’ ही संस्था निघाली. इमारती वाचू लागल्या, पण चालवणारे जुने लोक संपत चालले होते. म्हणून १९७२ मध्ये स्वयंसेवक चक्कीवाल्यांचा संघ स्थापन झाला. आज हजारावर चक्क्या उभ्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा या संघात शिकलेल्यांमुळे फिरतात. २०१७ मध्ये युनेस्कोने या कारागिरीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

फिरतं राहणं महत्त्वाचं, कारण थांबलेली चक्की लवकर कुजते. पाती एकाच जागी राहिली की पाणी त्याच सांध्यात मुरत राहतं. लाखो युरो खर्चून दुरुस्त केलेली चक्की नुसती उभी ठेवली, तर दुरुस्ती पुन्हा दाराशी येते.

चक्कीवाल्याच्या परीक्षेला बसण्याआधी किमान दीडशे तास प्रत्यक्ष काम करावं लागतं, तेही सर्व ऋतूंमध्ये. सुरुवात होते पात्यांपासून. ब्रेक लावून एक पातं खाली आणायचं, त्याच्या लाकडी जाळीवर शिडीसारखं चढायचं आणि शिडाचं कापड उलगडून दोऱ्यांनी बांधायचं. वारा जोराचा असेल तर कापड अर्धंच उघडायचं. मागच्या लांब दांड्याच्या टोकाला चाक असतं. ते फिरवून चक्कीचा अख्खा माथा, म्हणजे पाती बसवलेला वरचा भाग, वाऱ्याकडे वळवायचा. पावसात ओली साखळी ओढताना हात बधिर होतात, तेव्हा चांगले हातमोजे पहिल्याच दिवशी घ्या.

सगळ्यात जास्त वेळ द्या आकाश वाचायला. ब्रेक म्हणजे मोठ्या दातेरी चाकाभोवती आवळलेले लाकडी ठोकळे. वादळी ढग डोक्यावर येईपर्यंत थांबलात आणि मग वेगात फिरणारी चक्की आवळायला गेलात, तर लाकडावर लाकूड घासून आग लागू शकते. अशा आगीत चक्क्या गेलेल्या आहेत. म्हणून क्षितिजावर ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगायला लागला, की दळण अर्धवट टाकून थांबायचं.

देखभालीतलं माझं आवडतं काम म्हणजे दगडांना टाकी लावणं. आजीच्या जात्याला टाकी लावायला बाई यायची, तेच काम, फक्त इथला वरचा दगड हजार किलोच्या पुढे असतो. तो यारीने उचलून उलटा करायचा आणि झिजलेल्या चऱ्या टोकदार हातोडीने पुन्हा कोरायच्या. चऱ्या बोथट असतील तर पीठ तापतं आणि भाकरीपासून पावापर्यंत काहीच नीट होत नाही. चष्मा लावल्याशिवाय हे काम करू नका, दगडाच्या कपच्या उडतात. शाकाहारी असाल तर आधीच विचारून घ्या: पात्यांच्या आसाला बऱ्याच ठिकाणी डुकराची चरबी लावतात. लाकडी दात्यांना मात्र मधमाश्यांचं मेण चालतं.

काम संपल्यावर पाती कशी थांबवायची, हेही शिकवतात. समोरून पाहता पाती घड्याळाच्या उलट फिरतात. वरचं पातं सगळ्यात उंच जागी पोचण्याच्या जरा आधी थांबवलं तर आनंद, ती जागा जरा ओलांडल्यावर थांबवलं तर शोक. जुलै २०१४ मध्ये ॲम्स्टरडॅमहून निघालेलं, बहुतांश डच प्रवासी असलेलं एमएच-१७ विमान पाडलं गेलं, तेव्हा देशभरातल्या चक्क्या शोकाच्या स्थितीत उभ्या होत्या. गावाशी बोलायची ही रीत शिकताना मला आपण इथलेच झाल्यासारखं वाटलं.

सुरुवात करायला मे महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार उत्तम. राष्ट्रीय चक्की दिनानिमित्त शेकडो चक्क्या उघड्या असतात. एरवी चक्कीवर निळा झेंडा दिसला, की आत जाता येतं. वर जाऊन चक्कीवाल्याला विचारा, शिकाऊ लोक घेता का.