‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आज पहिल्यांदा खेळताना

1985 च्या सप्टेंबरमध्ये जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा व्हिडिओ गेम अवघ्या 40 किलोबाइटमध्ये बसवलेला होता. जागा वाचवण्यासाठी आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे एकाच चित्रातून, फक्त रंग बदलून, काढलेली आहेत. इतक्या तुटपुंज्या साधनांतला हा खेळ आजही हातातून सुटत नाही, याचे श्रेय बहुधा जुन्या आठवणींना दिले जाते. मला ते पटत नाही, कारण ज्यांच्या तशा आठवणीच नाहीत तेही त्यात रमतात. त्याचे खरे मर्म उडीत आहे आणि ती उडी शिकवण्याच्या पद्धतीत आहे; म्हणून खेळ शिकायचा तो उडीपासूनच.

त्याआधी टीव्हीची एक सेटिंग तपासावी. आजचे अनेक टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून ते किंचित उशिरा दाखवतात, आणि तेवढ्यानेही खेळाचा नायक मारिओ खड्ड्यात पडतो. टीव्हीत ‘गेम मोड’ असल्यास तो सुरू करावा. नाहीतर दोष आपल्या बोटांचा की पडद्याचा, हे कळणारच नाही.

आता बोटांकडे वळू. मूळ कंट्रोलरवर ‘बी’ दाबून ठेवले की मारिओ धावतो आणि ‘ए’ दाबले की उडी मारतो. नवखा खेळाडू अंगठा एकावरून उचलून दुसऱ्यावर नेतो आणि ऐन कड्यावर त्याचा वेग तुटतो. त्याऐवजी अंगठ्याचे टोक ‘बी’वर कायम ठेवावे आणि त्याच अंगठ्याचा मागचा भाग कलता करून ‘ए’ दाबावे. ‘ए’ जितका वेळ दाबून धराल तितकी उडी उंच जाते, धावत मारलेली उडी आणखी वर जाते आणि हवेत असतानाही दिशा थोडी बदलता येते. मात्र अंगात आलेला वेग लगेच ओसरत नाही, त्यामुळे जमिनीवर टेकल्यावर मारिओ थोडा घसरतो. ही घसरण अंगवळणी पडेपर्यंत पुढे जाण्याची घाई करू नये.

पहिली लेव्हल, म्हणजे 1-1, हा या खेळाचा खरा शिक्षक आहे. ती निदान पाच-सहा वेळा सावकाश खेळावी आणि खेळाचे रचनाकार शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका यांनी तिची मांडणी कशी केली आहे ते पाहावे. पहिला शत्रू समोरून चालत येतो. उडी मारली नाही तर मरण येते, पण खेळ नुकताच सुरू झालेला असल्याने गमावण्यासारखे काही नसते. पुढे प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून निघालेले मशरूम उजवीकडे जाते, पाइपला आपटते आणि परत आपल्याकडेच येते. त्याला शत्रू समजून ओलांडू पाहणाऱ्याची उडी डोक्यावरच्या विटांना अडते, आणि मशरूम अंगाला लागून मारिओ मोठा झाला की त्याचा उपयोग आपोआप कळतो. शेवटाजवळ पायऱ्यांचे दोन मनोरे समोरासमोर येतात. पहिल्या जोडीमध्ये जमीन असते, त्यानंतरच्या जोडीमध्ये खड्डा. आधी बिनधोक सराव आणि मग तीच उडी जोखमीची, असा हा पाठ एक अक्षरही न लिहिता दिलेला आहे.

एकूण आठ जगांत प्रत्येकी चार, अशा 32 लेव्हल आहेत. 1-2 मध्ये, म्हणजे पहिल्या जगाच्या दुसऱ्या लेव्हलमध्ये, छतावरून चालत गेल्यास थेट पुढच्या जगांत नेणारे पाइप सापडतात, पण पहिल्या खेपेला ते टाळावेत. मधली जगे गाळून चौथ्यात उतरणाऱ्याच्या हाताला पुरेसा सराव नसतो. पडदा मागे सरकत नाही, त्यामुळे मागे राहिलेले नाणे विसरून जावे. आजच्या आवृत्त्यांत असलेली खेळ मागे नेण्याची सोयही मी बाजूला ठेवण्यास सांगेन, कारण चुकीची किंमत मोजावी लागली नाही तर चूक लक्षात राहत नाही.

मात्र सगळ्या लाइफ संपल्यावर दर वेळी 1-1 पासून सुरुवात करण्याचीही गरज नाही. सुरुवातीच्या पडद्यावर ‘ए’ दाबून धरून ‘स्टार्ट’ दाबले की ज्या जगात हरलो त्याच्या पहिल्या लेव्हलपासून खेळता येते. 4-4 आणि 7-4 हे किल्ले भूलभुलैया आहेत. चुकीच्या वाटेने गेल्यास तोच भाग पुन्हा पुन्हा समोर येतो, तेव्हा वरची की खालची वाट घेतली हे कागदावर टिपून ठेवावे. आठव्या जगात मरण आल्यावर अर्ध्यावरून सुरू होण्याची सवलत नाही, म्हणून तिथे बसायचे तर निवांत वेळ काढून.

शेवटचा किल्ला सर झाला की खेळ पुन्हा सुरू करावा, कारण आता 1-1 मधला तो पहिला शत्रू तसाच समोरून येतो, पण या वेळी कठीण कवचाचा भुंगा होऊन, आणि त्याच्यावर मारिओने फेकलेल्या आगीच्या गोळ्यांचा काहीही परिणाम होत नाही.