भुताची साक्ष कच्ची ठेवा: विनोदी भूत-रहस्यकथा कशी लिहावी

भुतं दिसणाऱ्या हौशी गुप्तहेराची विनोदी रहस्यकथा लिहायची म्हटलं की सल्ले देणारे चहूबाजूंनी गोळा होतात. वातावरणनिर्मिती करा, भूत गमतीदार ठेवा, नायिका धांदरट दाखवा. यातलं काहीच अवघड नाही. अवघड एकच गोष्ट आहे आणि नेमकं तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ज्याचा खून झालाय तोच समोर उभा आहे. मग ‘कोणी मारलं?’ एवढं विचारून कथा दुसऱ्याच पानावर का संपत नाही?

त्याकडे येतोच. आधी किरकोळ कामं उरकून घेऊ.

पहिल्यांदा खून ठरवा, भूत मागाहून. कोणी, का, कसा, किती वाजता आणि मागे काय राहिलं, हे भुताचं नावही न काढता एका कागदावर लिहा. हा कागद स्वतःच्या पायावर उभा राहत नसेल तर भूत आणून काही होणार नाही.

हेराला परक्या घरांत शिरता येईल असा धंदा द्या. मीटर वाचणारी, घरी येऊन केस कापणारा, परिचारिका, कोणीही चालेल.

भुताचे नियम तीनच ठेवा आणि ते सुरुवातीलाच सांगून टाका: कुठवर जाता येतं, वस्तू हलवता येतात का, आणि मरताना जसं होतं तसंच ते दिसतं का. भिंतींतून आरपार जाणारं आणि वाटेल तिथे भटकणारं भूत चुकूनही घेऊ नका. ते एका रात्रीत सगळ्या संशयितांच्या खोल्यांत डोकावून येईल आणि तुमच्या हेराला घरी बसावं लागेल. भुताला एका घराला, जमलं तर एका जिन्याला बांधून टाका.

आता ती अडचणीची जागा. माझं गाडं कित्येकदा इथेच रुतलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लेखक सहसा तीन पळवाटा काढतात. भुताला बोलताच येत नाही. ‘वरचा’ कुठलासा नियम आड येतो म्हणून सांगता येत नाही. किंवा आठवतच नाही. पहिल्या दोन सरळ टाकून द्या, त्यांनी वाचक फक्त वैतागतो. तिसरी चालेल, पण शिस्तीत. डोक्याला जबर मार बसला की त्याआधीची काही मिनिटं स्मरणातून पुसली जातात, हे खरं आहे. पण माणूस सहसा स्वतःचं नाव विसरत नाही, भावाशी दहा वर्षं चाललेला वाद तर नाहीच नाही. सोयीचं तेवढंच विसरणारं आणि शेवटच्या प्रकरणात धाडकन सगळं आठवणारं भूत दिसलं की मी पुस्तक मिटतो. त्यापेक्षा सावकाश चढणारं विष वापरा, म्हणजे बिचाऱ्याला खरोखरच काही माहीत नसेल.

माझ्या मते सगळ्यांत चांगला उपाय वेगळाच आहे. भुताला आपला खुनी कोण हे ठाऊक असल्याची शंभर टक्के खात्री असावी, आणि ते साफ चुकत असावं.

समजा, अण्णा नावाचे घरमालक मध्यरात्री जिन्याखाली मरून पडलेत. त्यांचं भूत छातीठोकपणे सांगतंय, ‘सुधाकरनं ढकललं, माझ्या धाकट्या भावानं. त्याचा निळा स्वेटर या डोळ्यांनी पाहिलाय मी.’ झाली पंचाईत, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार! पण त्याच्या आधीच्याच प्रकरणात अण्णांनी आपली निधनवार्ता बघायचा हट्ट धरलेला असतो आणि नायिका त्यांच्यासमोर वर्तमानपत्र धरून बसलेली असते.

‘जरा लांब धर. नको, जवळ आण. अजून जवळ.’

‘अण्णा, आता पेपर तुमच्या डोक्यातून पलीकडे निघालाय.’

‘मग छपाईच भिकार आहे. आणि हा फोटो कुठल्या गाढवाचा छापलाय?’

‘तुमचाच आहे, अण्णा.’

वाचक इथे हसून पुढे जातो, आणि हेच आपल्याला हवंय. अण्णांच्या नाकावर चष्मा नाही. मरताना जसं होतं तसंच भूत राहणार, हा नियम तुम्ही आधीच सांगितलेला आहे. म्हणजे ते चष्मा न लावताच उठले होते आणि त्यांना दिसला तो नुसता निळा ठिपका. स्वेटर तर खुंटीला लटकलेला असायचा, कोणीही अंगात घालावा. महत्त्वाचा धागा नेहमी विनोदात लपवा. भुताचा विनोदही असाच त्याच्या हेकटपणातून आणि क्षुद्र तक्रारींतून येऊ द्या. चारचौघांत भुताशी बोलताना फोन कानाला लावायची गंमत एकदा वापरलीत तर माफ आहे, दुसऱ्यांदा नको.

यानंतर पुरावा जिवंत माणसांकडून यायला हवा. चष्मा उशाशी, घडी घालून त्याच्या डबीत ठेवलेला सापडतो. आणि खुनाच्या दुसऱ्याच दिवशी तो स्वेटर अशा माणसाने धुवायला टाकलेला असतो, ज्याला सुधाकरच्या कपड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. न्यायालय मृत्युपूर्व जबानी ऐकून घेतं. मेल्यानंतरच्या जबानीची सोय कुठल्या कायद्यात माझ्या पाहण्यात नाही. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात १८९७ साली असं प्रकरण खरोखर घडलं होतं. झोना शू या तरुणीच्या आईने सांगितलं की मुलीच्या भुताने येऊन तिच्या नवऱ्यानेच तिचा खून केल्याचं सांगितलं. प्रेत उकरलं, शवविच्छेदनात मान मोडलेली निघाली, नवऱ्याला जन्मठेप झाली. खटल्यात सरकारी वकिलाने भुताचा विषय टाळला. आईला वेडी ठरवायला तो काढला बचावाच्या वकिलाने, आणि डाव त्याच्यावरच उलटला. भुताचं काम एवढंच, दार दाखवायचं. उघडायचं हेरानेच.

शुद्धतावादी तरीही नाक मुरडतील. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम सांगितले, त्यातला दुसराच अलौकिक शक्तींना मनाई करतो. गंमत म्हणजे नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते! तुम्ही हा नियम मोडणार असाल तर भरपाईही करा. भूत हेराला जे सांगेल ते त्याच क्षणी वाचकालाही कळलं पाहिजे. ‘भूत तिच्या कानात काहीतरी कुजबुजलं आणि तिचे डोळे चमकले’ असं लिहिणं ही शुद्ध लबाडी आहे.

शेवटी मुक्ती. ती दोन पानांत उरका, त्याहून जास्त कोणी वाचत नाही. अण्णांनी सुधाकरची माफी मागावी की नाही हा तुमचा प्रश्न. माझं विचाराल तर मागू नये. ‘खून नसेल केला, पण स्वेटर असा खुंटीला टांगतात का?’ एवढं बोलून त्यांनी खुशाल अंतर्धान पावावं.