विंडोज अपडेट अडकलंय? 'रीट्राय' दाबण्याआधीची तयारी

घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजचं अपडेट फसलं की हात सगळ्यात आधी 'रीट्राय'कडे जातो. तो आवरा आणि वही-पेन घ्या. स्क्रीनवर आलेला एरर कोड पहिल्या शून्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत जसाच्या तसा उतरवा. सेटिंग्जमधल्या 'अपडेट हिस्टरी'त जाऊन कोणतं अपडेट फसलं त्याचा केबी क्रमांक (म्हणजे मायक्रोसॉफ्टने त्या अपडेटला दिलेला, KB ने सुरू होणारा नंबर) शेजारी लिहा. नातेवाइकांचे कॉम्प्युटर मी बरीच वर्षं बघतोय. "काहीतरी लाल अक्षरांत आलं होतं" एवढ्याच माहितीवर काम करायचं म्हटलं की अख्खा रविवार अंदाज बांधण्यात जातो. कोड असला तर वाट दिसते. शेवटी ८००७००७० असेल तर डिस्कवर जागा नाही. ८००७३७१२ किंवा ८००एफ०८१एफ असेल तर विंडोजच्या स्वतःच्या फायली बिघडल्या आहेत किंवा तिला सापडत नाहीत. सी१९००१०१ दिसलं तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे प्रिंटर, ग्राफिक्स असे भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर.

वही मिटण्याआधी दुसऱ्या पानावर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की लिहून ठेवा. ही पायरी मी कधीच गाळत नाही. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि घरात कुणालाच त्याची कल्पना नसते. अपडेट बिघडलं, बायॉस (विंडोजच्या आधी सुरू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) बदललं किंवा दुरुस्तीच्या पडद्यावर जावं लागलं, की निळ्या स्क्रीनवर ४८ अंकांची की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, पण खात्याचा पासवर्ड त्याच बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये असेल तर काय करणार? की कागदावर हवी, आणि तो कागद कपाटात.

मग बॅकअप. फोटो, बँकेची आणि जमिनीची स्कॅन केलेली कागदपत्रं, मुलांचे प्रकल्प, सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. उतरवल्यावर दोन-चार फायली त्या डिस्कवरूनच उघडून बघा, म्हणजे खात्री पटते. मराठीत लिहिणाऱ्यांच्या घरी आणखी एक गोष्ट असते: युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या जुन्या फायली. अपडेटने फाँट सहसा जात नाहीत, पण प्रकरण विंडोज नव्याने टाकण्यापर्यंत गेलं तर ते नक्की जातात, आणि मग आजोबांनी टाइप केलेल्या आठवणी निरर्थक चिन्हांसारख्या दिसू लागतात. म्हणून ते फाँट आणि टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा सेटअपही बॅकअपमध्ये घ्या.

आता जागा. मासिक अपडेटला कमी लागते, पण मोठ्या आवृत्तीसाठी मी सी ड्राइव्हवर निदान २० जीबी मोकळी करतो. आधी 'डाउनलोड्स' आणि रीसायकल बिन, मग डिस्क क्लीनअपमधलं 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स'. एवढ्यावर बहुतेक घरांत काम भागतं. मात्र सी ड्राइव्हवर जागा असूनही अपडेट जागेअभावी फसू शकतं, कारण डिस्कवर आपल्याला न दिसणारे छोटे भाग, म्हणजे पार्टिशनही असतात. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ आलं तेव्हा असंख्य लोकांना ८००७०६४३ हा कोड दिसत राहिला. त्या अपडेटला रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे विंडोजच्या दुरुस्तीची साधनं असलेल्या भागात, २५० एमबी मोकळी जागा हवी होती, जी जुन्या कॉम्प्युटरवर मुळातच ठेवलेली नव्हती. संदेशात जागेचं नावही नव्हतं. लोक फोटो पुसत बसले, आणि ते पार्टिशन होतं तेवढंच राहिलं. अशा वेळी पार्टिशनचा आकार हाताने वाढवावा लागतो. ते काम पूर्ण बॅकअपशिवाय आणि आधी कधी केलेलं नसेल तर जाणत्या माणसाशिवाय करू नका.

उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. माझ्या काकांच्या जुन्या डेस्कटॉपवर तीन महिने एकही अपडेट उतरत नव्हतं. इंटरनेट ठीक, जागा भरपूर, अँटिव्हायरस काढून पाहिला, तरी तेच. शेवटी काकूंनी विचारलं, "अरे, ह्यावर तारीख कधीची दाखवतंय?" घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी, सीआर २०३२, संपली होती, त्यामुळे मुख्य स्विच बंद केला की तारीख पुसली जायची. तारीख चुकली की सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र कॉम्प्युटरला खोटं वाटतं आणि जोडणीच होत नाही. घड्याळाच्या दुकानातून आणलेल्या बॅटरीने सगळं मार्गी लागलं. तेव्हापासून कुणाच्याही घरी गेलो की मी आधी तारीख बघतो.

वार आणि वेळ आधीच ठरवा. मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. दोन-चार दिवस थांबून शनिवारी सकाळी सुरू केलं तर एखाद्या अपडेटमध्येच दोष असल्यास तोवर तो उघड झालेला असतो. तुमच्या भागात देखभालीसाठी ज्या वारी वीज बंद असते तो वार टाळा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना, ते बघा. साध्या मोडवर वीज जाताना जो क्षणभर खंड पडतो तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. लॅपटॉप चार्जरला लावलेलाच हवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मोठं अपडेट घेऊ नका, रोजचा डेटा मध्येच संपतो; आणि वायफाय चुकून 'मीटर्ड' (म्हणजे मोजका डेटा असलेलं) ठेवलं असेल तर अपडेट उतरायलाच अडून बसतं. प्रिंटर, पेनड्राइव्ह, बॅकअपची डिस्क, सगळं काढून ठेवा. कीबोर्ड आणि माउस पुरे.

एवढं झाल्यावर एकदा रीस्टार्ट करा आणि मगच पुन्हा प्रयत्न करा. तरीही फसलं तर आधी विंडोजचा अपडेट ट्रबलशूटर चालवा. मग कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून विंडोजच्या फायली दुरुस्त करणाऱ्या दोन साधनांपैकी डिझमची (DISM) 'रिस्टोअर हेल्थ' आणि तिच्या पाठोपाठ एसएफसीची (SFC) 'स्कॅन नाऊ' ही आज्ञा द्या. क्रम हाच ठेवा, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली उचलते तो साठा डिझम दुरुस्त करते. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ थांबते. खिडकी बंद करू नका. दोन्ही आज्ञा नेमक्या कशा लिहायच्या ते आधीच वहीत उतरवलेलं असू द्या.

शेवटचा उपाय म्हणून ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लागतो. त्यावर विंडोजचा सेटअप बनवणारं मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल आधीचं सगळं पुसतं, म्हणून तो आधी तपासा, आणि दुसरा चालू कॉम्प्युटर असेल तर तिथेच बनवा. विंडोज चालू असताना त्यावरचा सेटअप उघडून 'फायली आणि ॲप्स ठेवा' निवडलं की विंडोज स्वतःवरच नव्याने बसते आणि तुमचं सामान जागेवर राहतं. बरेच हट्टी एरर मी याच वाटेने संपवले आहेत. विंडोज १० वाल्यांनी मात्र एक लक्षात घ्यावं: तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे अपडेट येत नसेल तर तो बिघाड असेलच असं नाही.

'अपडेट्सवर काम सुरू आहे' असं दिसत असताना डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर बटण दाबून बंद करू नका. जुन्या हार्ड डिस्कवर याला दोन तासही लागतात. सगळं पार पडलं की प्रिंटरवर एक पान काढा, मराठी कीबोर्डवर दोन ओळी टाइप करा, व्हिडिओ कॉलवर आवाज जातोय का ते ऐका. मोठी आवृत्ती बसली असेल तर जुनी विंडोज जपणारा 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर जागा खातो म्हणून लगेच पुसू नका. त्याच्या जोरावर १० दिवस मागे फिरता येतं. मी दहाव्या दिवसाची तारीख त्याच वहीत, एरर कोडच्या खाली लिहून ठेवतो.