आरोग्यविषयक विधेयकावर बोलायला उभे राहण्यापूर्वी

इंदूरमधील वादविवाद स्पर्धांत आणि युवा संसदेत मी विद्यार्थिदशेत अनेकदा बोलले. आता कायद्याचे आणि राज्यशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींची मी तयारी करून घेते. त्यांच्यापैकी बरेच जण मराठी घरांतले असतात. ते घरी मराठीत विचार करतात, स्पर्धेत हिंदीत बोलतात आणि कायद्याची कलमे इंग्रजीत वाचतात. आरोग्यसेवेत सुधारणा करणाऱ्या विधेयकावरील चर्चा हा त्यांचा आवडता विषय आहे, आणि या विषयाची तयारी कशी करावी हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मी येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की, उपचार प्रत्येकाला मिळाले पाहिजेत या विधानाला कोणत्याही सभागृहात कोणी विरोध करत नाही, त्यामुळे ते सिद्ध करण्यात खर्च झालेली मिनिटे वाया जातात. खरा वाद असतो तो बंधन कोणावर घातले आहे, पैसे कोण देणार आहे आणि तक्रार कोणाकडे जाणार आहे, या तीन प्रश्नांवर. म्हणून विधेयक हाती आले की प्रस्तावना बाजूला ठेवावी आणि आधी व्याख्यांचे कलम, मग विधेयकाचा खर्च सांगणारे वित्तीय निवेदन आणि मग नियम करण्याच्या अधिकाराचे कलम वाचावे. ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ हे शब्द जेथे जेथे येतात तेथे खूण करावी. त्या प्रत्येक ठिकाणी विधिमंडळाने निर्णय घेतलेला नसतो. तो पुढे शासन घेणार असते.

याचे सर्वांत शिकण्यासारखे अलीकडचे उदाहरण आपल्या शेजारच्या राजस्थानचे आहे. तेथील आरोग्य हक्क विधेयक सप्टेंबर २०२२ मध्ये विधानसभेत मांडले गेले, आक्षेप आल्यावर प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयक बारकाईने तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे गेले आणि बदललेल्या रूपात २१ मार्च २०२३ रोजी आवाजी मतदानाने मंजूर झाले. तातडीच्या प्रसंगी आगाऊ पैसे न मागता उपचार करणे खाजगी रुग्णालयांवरही बंधनकारक करणे, हा त्याचा गाभा होता. रुग्णाने पैसे दिले नाहीत तर शासन ते भरून देईल असेही कायद्यात लिहिले होते, पण किती दिवसांत, कोणत्या दराने आणि कोणत्या खात्यातून, हे नियमांवर सोडले होते. अपघात, सर्पदंश आणि प्राण्यांचा चावा यांपलीकडे तातडीचा प्रसंग कोणता, हेही पुढे ठरवायचे होते. खाजगी डॉक्टर रस्त्यावर उतरले आणि कामबंद आंदोलन दोन आठवड्यांहून अधिक चालले. अखेर ४ एप्रिलला तडजोड झाली. पन्नासपेक्षा कमी खाटांची खाजगी रुग्णालये आणि ज्यांनी शासनाकडून जमीन वा इमारतीसाठी सवलत घेतलेली नाही अशी रुग्णालये कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे मान्य करण्यात आले.

या घटनाक्रमावर मी मुलांना बराच वेळ थांबवते. विधेयक मंजूर होताना सत्ताधाऱ्यांकडे बहुमत होते, विधानसभेची निवडणूक त्याच वर्षाच्या अखेरीस होती, आणि तरीही कायद्याची खरी व्याप्ती मतदानानंतर, सभागृहाबाहेरच्या वाटाघाटीत ठरली. बहुमताने संमत झालेला कायदा आणि लोकांच्या पदरात पडलेला कायदा यांत अंतर कसे पडते, हे ज्याला दाखवता येते त्याचे भाषण परीक्षक लक्षपूर्वक ऐकतात. माझे स्वतःचे मत असे आहे की, भरपाईची मुदत आणि दर विधेयकातच लिहिले असते तर विरोधाची धार बरीच कमी झाली असती आणि इतकी मोठी सूट देण्याची वेळ आली नसती.

एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, “ताई, आपण रुग्णांच्या बाजूचे आहोत, मग डॉक्टरांची बाजू इतकी कशाला तयार करायची?” याचे उत्तर असे की, वीस खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्याला परिचारिकांचे पगार, प्राणवायू आणि औषधांची बिले दर महिन्याला चुकवावी लागतात. सरकारी योजनेची रक्कम उशिरा आली तर त्याचे काय होते हे समजून घेतल्याशिवाय रुग्णांची बाजूही भक्कम होत नाही. म्हणून मी नव्या वक्त्यांना दोन ठिकाणी पाठवते. एक, एखाद्या ओळखीच्या लहान नर्सिंग होमच्या हिशेबनीसाकडे, दुसरे, इंदूरच्या एम. वाय. या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, जेथे धार, झाबुआ, बडवानी आणि खरगोनहून आलेली माणसे रांगेत उभी असतात. तेथे कोणालाही त्रास न देता, कोणाचे नाव न विचारता, फक्त पाहावे आणि ऐकावे. प्रवासाचा खर्च, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या नातेवाइकाच्या जेवणाचा प्रश्न बहुतेक विधेयकांत कोठेच नसतो, आणि ही उणीव दाखवून देणे हा चर्चेतील फार मोलाचा मुद्दा आहे.

अमेरिकेचे उदाहरण देण्याचा मोह अनेकांना होतो. ते द्यावे, पण तेथील राजकारणाची रीत समजून घेऊन द्यावे. आपल्याकडे १९८५ मध्ये राज्यघटनेत पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आल्यापासून पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते, त्यामुळे मतदानाचा निकाल सहसा आधीच ठाऊक असतो आणि बदल घडवायचा तर तो मसुद्याच्या किंवा समितीच्या टप्प्यावर घडवावा लागतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१७ च्या विधेयकातील ब्रिज कोर्सची, म्हणजे आयुष चिकित्सकांना छोट्या अभ्यासक्रमानंतर काही आधुनिक औषधे देऊ देण्याची तरतूद स्थायी समितीच्या अहवालानंतर सरकारने मागे घेतली, ती याच टप्प्यावर. अमेरिकेत मात्र एकेका सदस्याचे मत मिळवावे लागते. राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या आरोग्यसेवा कायद्याला सिनेटमध्ये, म्हणजे तेथील वरिष्ठ सभागृहात, लांबलचक भाषणांनी होणारी अडवणूक टाळण्यासाठी ६० मते हवी होती. ती जमवताना सरकारी विमा योजनेचा पर्याय सोडून द्यावा लागला आणि २४ डिसेंबर २००९ रोजी ६० विरुद्ध ३९ मतांनी विधेयक पार पडले. पुढच्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्सची पोटनिवडणूक ओबामांच्या पक्षाच्या हातची गेल्याने साठावे मत उरले नाही. तेव्हा प्रतिनिधिगृहाने सिनेटचाच मसुदा २१ मार्च २०१० रोजी २१९ विरुद्ध २१२ मतांनी जसाच्या तसा स्वीकारला आणि दुरुस्त्या, सिनेटमध्ये साध्या बहुमतावर भागते अशा वेगळ्या अर्थविषयक मार्गाने केल्या. २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला, आणि २०१७ मध्ये कायद्याचे मुख्य भाग रद्द करण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ असा फसला. हा सारा प्रवास माहीत असलेला वक्ता ‘अमेरिकेत झाले, मग येथे का नाही’ असे म्हणून थांबत नाही. कोणती तरतूद कोणत्या मतासाठी गळाली, हे तो सांगू शकतो.

शेवटी आपल्या राज्याकडे यावे, कारण इंदूरच्या स्पर्धांत हाच भाग सर्वांत दुबळा असतो. रुग्णालये आणि सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा, म्हणजे राज्यांनी कायदे करण्याचा विषय आहे. त्यामुळेच रुग्णालयांच्या नोंदणीचा २०१० चा केंद्रीय कायदा संसदेने अनुच्छेद २५२ खाली, काही राज्यांच्या ठरावांच्या आधारे केला, आणि इतर राज्यांना तो स्वीकारायचा की नाही याची मोकळीक राहिली. मध्य प्रदेशात खाजगी रुग्णालयांची नोंदणी आजही राज्याच्या स्वतःच्या १९७३ च्या कायद्याखाली होते. त्याखालचे नियम १९९७ चे आहेत आणि अंमलबजावणी जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा व आरोग्य अधिकाऱ्याकडे असते. कायदा आणि नियम यांच्या या दोन सालांतील चोवीस वर्षांच्या अंतराकडे नीट पाहावे. केंद्रीय कायदा स्वीकारावा असा प्रस्ताव आपल्या अभिरूप विधानसभेत मांडणाऱ्याने दोन्ही कायदे समोरासमोर ठेवावेत. कोणती किमान मानके नव्याने लागू होतील, तपासणीसाठी माणसे कोठून येतील आणि भोपाळमधील विधानसभेत या प्रस्तावाच्या मागे कोणता आमदार उभा राहील व का, हे तिन्ही लिहून आणल्याशिवाय मी कोणालाही सरावाला उभे करत नाही.