पाऊस गेला, आता मेंदीचं कुंपण अन् लॉन यांच्यामधली बॉर्डर कापून घ्या

नागपुरात दसरा ते दिवाळी हाच या कामाचा टाइम आहे. पावसाळ्यात आपली काळी माती फावड्याला चिकटून बसते अन् मे मध्ये तीच अशी कडक होते की सब्बल आपटली तरी ढेकूळ निघत नाही, म्हणून वापसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कडक अशी झाली, की लगेच हात घाला. मूठभर माती दाबून पाहा, गोळा झाला अन् अंगठ्याने टिचकन फुटला म्हणजे झालं. नवीन लेआउटमध्ये भरणीचा मुरूम असेल तर आदल्या दिवशी पाणी मारून ठेवा.

आधी हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, छाटा, मग बॉर्डरच्या रेषेसाठी सुतळी बांधा. मेंदी असो, ड्युरांटा असो की कामिनी, पावसात सगळं फुगलेलं असतं, तेव्हा पानांवरून अंदाज न घेता बुडापासून सव्वा-दीड फूट मोजा. जवळ कापलं तर हेजच्या मुळ्या तुटतात, अन् तसंही बुडाच्या सावलीत हरळी धड वाढत नाही, पिवळी पडून राहते, मग तिथे लॉनचा हट्ट काहून करायचा? छाटताना खाली रुंद अन् वर निमुळतं ठेवा, नाहीतर खालच्या फांद्या उघड्या पडतात.

आता सुतळीच्या रेषेने नाली, हीच आपली बॉर्डर. लॉनच्या बाजूने फावडं सरळ उभं मारायचं, ४ ते ६ इंच खोल, अन् हेजच्या बाजूने उतार द्यायचा. खोदलेली माती हाताने चाळून घ्या बरं, त्यात हरळीचे पांढरे, गाठी-गाठीचे तुकडे सापडतील, एका गाठीचा तुकडा राहिला तरी तिथूनच फुटवा येतो. ते खतात टाकू नका, गच्चीवर उन्हात कडक वाळवा. निघालेली माती हेजच्या बुडाशी लोटून द्यायची सवय पण सोडा, खोड गाडलं की सडतं.

विटा लावायच्या की नाही हे लोक नेहमी विचारतात. माझं मत म्हणाल तर काळ्या मातीत सिमेंट लावून पक्की बॉर्डर करू नका, ही माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, दोन-तीन वर्षांत जोड उघडतो अन् त्यातूनच हरळी डोकं काढते. तिरप्या विटा नुसत्या मातीत रोवा, हलल्या तर काढून परत बसवता येतात. बांबू-लाकूड तर नकोच, उधई लागते.

नालीत पाणी साचता कामा नये, एका टोकाला उतार काढा. हेजखाली पालापाचोळ्याचं दोन-तीन इंच आच्छादन घाला, खोडाला न चिकटवता. थंडीत हरळी मंदावते, महिन्यातून एकदा कड कापली तरी चालतं, पावसाळ्यात मात्र पंधरा दिवसांनी कात्री फिरवावीच लागते. तणनाशक मारून शॉर्टकट घेऊ नका, वाऱ्याने उडालं की हेजचीच पानं जळतात.

अन् हो, हात घालायच्या आधी काठीने बूड हलवून घ्या, या दिवसांत तिथे साप-विंचू असतात, गमबूट अन् हातमोजे घालूनच बसा.